पाहुण्याला सलाम, शेजाऱ्यावर संशय : बँकॉकमधला एक मुस्लिम सहलीचा दिवस आणि आपली मैत्री

मलेशियातले किंवा सौदी अरेबियातले एखादे मुस्लिम कुटुंब बँकॉकला सुट्टीसाठी आले आहे असे समजू. आई-वडील, तीन मुले आणि आजी. आज त्यांचा शेवटचा दिवस, रात्री विमान. मुक्काम सुखुमवित रस्त्यावरच्या नाना भागात. या भागातल्या एका गल्लीला लोक सरळ ‘अरब गल्ली’ म्हणतात. दुकानांवर अरबी पाट्या, हलाल खानावळी, अत्तराची दुकाने. जवळच बुमरुंगराद हे मोठे खासगी रुग्णालय आहे. आखाती देशांतून हजारो रुग्ण तिथे येतात, त्यांच्यासाठी अरबी दुभाषे असतात. आजीची तपासणी तिथेच झाली. दुपारची नमाज चाओ फ्राया नदीजवळच्या जुन्या हारून मशिदीत. मग सियाम भागातल्या मॉलमध्ये खरेदी. तिथेही नमाजाची खोली आहे. संध्याकाळी जिम थॉम्पसनच्या प्रसिद्ध घरात रेशमी रुमालांची खरेदी आणि रात्री सुवर्णभूमी विमानतळ. तिथेही नमाजाची खोली. आईच्या चेहऱ्यावर दिवसभर नकाब आहे. तिला कोणी हटकले नाही, कोणी टोमणा मारला नाही.

हे कुटुंब मी चर्चेसाठी उभे केले आहे, पण त्यातली ठिकाणे आणि सोयी खऱ्या आहेत. थायलंडच्या लोकसंख्येत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक बौद्ध आहेत. ज्या शहरात सकाळी भिक्खू पिंडपाताला निघतात, त्याच शहरात एक मुस्लिम कुटुंब निवांतपणे सुट्टी घालवते. शेजारी युरोप ठेवला तर हे चित्र आणखी उठून दिसते. फ्रान्समध्ये चेहरा झाकण्यावरची बंदी 2011 पासून लागू आहे. ऑस्ट्रियात 2017 मध्ये, डेन्मार्कमध्ये 2018 मध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये 1 जानेवारी 2025 पासून असेच कायदे आले. 2016 च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या अनेक नगरपालिकांनी अंगभर पोहण्याचा पोशाख घालणाऱ्या मुस्लिम बायकांना समुद्रावर येण्यास मनाई केली होती. शेवटी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला.

तेव्हा बँकॉकचे हे चित्र पाहून आपली छाती अभिमानाने भरून येणे साहजिक आहे. ‘बघा, बौद्ध देशात सगळ्यांना कसे सामावून घेतात’ असे आपण म्हणतोही. पण अभिमान बाळगण्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे. बौद्ध देशात पाहुणा म्हणून आलेल्या मुसलमानाला जे मिळते, ते त्या देशाचा नागरिक असलेल्या मुसलमानाला मिळते का?

स्वागतामागचे अर्थकारण

पर्यटन हा थायलंडच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार आहे. 2024 मध्ये त्या देशात सुमारे साडेतीन कोटी परदेशी पर्यटक आले. त्यात चीनच्या खालोखाल मलेशियाचे पर्यटक होते, जवळपास 50 लाख. त्यानंतर आपण भारतीय. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि त्यानंतर आपल्या ओळखीतलेही कितीतरी लोक तिकडे जाऊन आले.

सौदी अरेबियाची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. 1989 मध्ये एका थाई कामगाराने सौदी राजपुत्राच्या महालातून दागिने चोरले. त्या प्रकरणानंतर दोन्ही देशांचे संबंध तीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ तुटलेले होते. जानेवारी 2022 मध्ये थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान प्रयुत चान-ओचा रियाधला गेले, संबंध पूर्ववत झाले आणि लगेच थेट विमाने सुरू झाली. करोनाने बुडालेल्या पर्यटनाला तेव्हा पैसेवाल्या पाहुण्यांची निकड होती.

यात वाईट काही नाही. पाहुण्याच्या श्रद्धेची कदर करून पोट भरणे हा प्रामाणिक व्यवसाय आहे आणि त्यातून हजारो सामान्य माणसांना काम मिळते. समाजशास्त्राच्या नजरेने मात्र एक फरक नोंदवावा लागतो. पाहुणा येतो, खर्च करतो आणि जातो. तो जमीन मागत नाही, नोकरीत वाटा मागत नाही, शाळेत आपली भाषा मागत नाही, मतदान करत नाही. त्याच्याशी चांगले वागायला सत्तेत कोणताही वाटा सोडावा लागत नाही. नागरिक मात्र हे सगळे मागतो. म्हणून एखाद्या समाजाची सहिष्णुता जोखायची तर त्याच्या विमानतळावरून आणि हॉटेलांवरून ती कळत नाही. त्यासाठी त्याच्या शाळा, पोलीस ठाणी आणि न्यायालये पाहावी लागतात.

कालव्यापलीकडची वस्ती

या कुटुंबाने ज्या जिम थॉम्पसनच्या घरातून रुमाल घेतले, त्याच्या समोरून सेन सेप कालवा जातो. कालव्याच्या पलीकडे बान क्रुआ नावाची जुनी वस्ती आहे. हे चाम मुसलमान. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजा पहिला राम याच्या काळात त्यांचे पूर्वज सयामच्या बाजूने लढले आणि त्याबद्दल त्यांना ही जागा मिळाली, असे त्या वस्तीचा इतिहास सांगतो. जिम थॉम्पसन या अमेरिकन व्यापाऱ्याने जे थाई रेशीम जगभर नेले, ते सुरुवातीला याच वस्तीतल्या मुस्लिम विणकरांनी विणले होते. थायलंडची ओळख म्हणून विकल्या जाणाऱ्या रेशमात मुसलमानांचे हात आहेत, हे दुकानात जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांना ठाऊकही नसते.

1980 च्या दशकाच्या अखेरीस सरकारने या वस्तीवरून द्रुतगती मार्गाचा एक फाटा नेण्याचे ठरवले. वस्ती उठणार होती. बान क्रुआच्या लोकांनी दशकभराहून अधिक काळ लढा दिला. निवेदने दिली, सार्वजनिक सुनावणी मिळवली, रात्री पहारे दिले, बौद्ध शेजारी आणि विद्यार्थ्यांना सोबत घेतले आणि वस्ती वाचवली. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नावाखाली उठवल्या जाणाऱ्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा लढा मुद्दाम अभ्यासावा.

थाई समाजाचा मुसलमानांशी संबंध वरवरचा नाही, हेही नोंदवले पाहिजे. ‘मस्समान’ नावाची तिथली प्रसिद्ध रस्साभाजी ‘मुसलमान’ या शब्दावरूनच नाव घेऊन आली आहे. सतराव्या शतकात अयुथयाच्या दरबारात शेख अहमद नावाचा इराणी व्यापारी मोठ्या पदाला पोचला. देशातल्या मुसलमानांच्या प्रमुखाचे पद तेव्हापासून चालत आले आहे. राज्यघटनेनुसार राजा बौद्ध असावा लागतो, पण त्याचबरोबर तो सर्व धर्मांचा पाठीराखा मानला जातो. म्हणजे एकत्र जगण्याची परंपरा तिथे आहे. प्रश्न असा की ती परंपरा कुठे आणि कोणासाठी तुटते.

दक्षिणेकडचे तीन प्रांत

बँकॉकपासून सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला, मलेशियाच्या सीमेजवळच्या भागात पत्तनी, याला आणि नराथिवात हे तीन प्रांत आहेत. इथले बहुसंख्य लोक मलय भाषा बोलणारे मुसलमान आहेत. हा कधीकाळी पत्तनीच्या सुलतानांचा मुलूख होता. 1785-86 च्या सुमारास सयामने तो जिंकला. 1909 मध्ये ब्रिटिश आणि सयाम यांच्यात करार होऊन सीमा आखली गेली आणि पत्तनी कायमचे सयामकडे राहिले. त्या लोकांना कोणी विचारले नाही. 1939 नंतर फिबून यांच्या सरकारने ‘थाईपणा’ची सक्ती सुरू केली. पोशाख कसा असावा, भाषा कोणती बोलावी, हे हुकमाने ठरू लागले. 1947 मध्ये हाजी सुलोंग या धर्मशिक्षकाने सात मागण्या मांडल्या. त्यांत मलय भाषेला सरकारी स्थान आणि प्रशासनात स्थानिक मुसलमानांना वाटा या मागण्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांना अटक झाली. सुटकेनंतर 1954 मध्ये पोलिसांनी बोलावल्यावर ते घरातून निघाले आणि पुन्हा कधी दिसले नाहीत.

2004 पासून या भागात सशस्त्र संघर्ष धगधगतो आहे. आजवर सात हजारांहून अधिक माणसे मेली. त्यावर्षी 28 एप्रिलला पत्तनीच्या ऐतिहासिक क्रू से मशिदीत आश्रय घेतलेल्या 32 जणांना लष्कराने ठार केले. त्या एका दिवसात या प्रांतांत शंभराहून अधिक लोक मेले. सहा महिन्यांनी, 25 ऑक्टोबर 2004 रोजी, नराथिवातमधल्या ताक बाई पोलीस ठाण्यासमोर काही अटक झालेल्या गावकऱ्यांच्या सुटकेसाठी निदर्शने झाली. रमजानचा महिना होता. गोळीबारात सात जण मेले. तेराशेच्या आसपास लोकांना पकडून, हात पाठीमागे बांधून, लष्करी ट्रकमध्ये एकावर एक रचून पत्तनीच्या छावणीत नेले. वाटेत 78 जण गुदमरून मेले. एकूण मृत्यू 85.

या मृत्यूंचा हिशेब आजही चुकता झालेला नाही. 2024 मध्ये मृतांच्या कुटुंबीयांनी स्वतः न्यायालयाचे दार ठोठावले आणि न्यायालयाने खटला दाखल करून घेतला. त्यात एक माजी लष्करी अधिकारी, तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचा खासदार, आरोपी होता. तो परदेशात निघून गेला. एकही आरोपी न्यायालयात हजर झाला नाही. 25 ऑक्टोबर 2024 ला वीस वर्षांची कायदेशीर मुदत संपली आणि खटलाही संपला. आदल्या दिवशी पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांनी माफी मागितली. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांचे वडील, ताक बाईच्या वेळचे पंतप्रधान थाकसिन यांनी नराथिवातला जाऊन माफी मागितली. शब्द मिळाले, न्याय मिळाला नाही. खैरलांजीपासून सोनई आणि खर्ड्यापर्यंत न्यायालयांच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या समाजाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तिथल्या बंडखोरांनी बौद्ध शिक्षक, रबराच्या मळ्यांत काम करणारे बौद्ध मजूर आणि पिंडपाताला निघालेले भिक्खू यांना मारले आहे. 18 जानेवारी 2019 ला नराथिवातमधल्या एका विहारात घुसून बंदूकधाऱ्यांनी दोन भिक्खूंचा खून केला. अनेक बौद्ध कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांची गावे सोडून गेली. या हत्यांचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. पण या संघर्षातल्या मृतांत मुसलमानच अधिक आहेत आणि त्यातले कित्येक बंडखोरांच्याच हातून मेले, हेही सत्य आहे. 2005 पासून आणीबाणीचा हुकूम तीन-तीन महिन्यांनी वाढवला जातो आहे. या कायद्याखाली कोणालाही आरोपपत्राशिवाय दीर्घकाळ अडकवता येते.

आता त्या नकाबातल्या पर्यटक आईकडे पुन्हा पाहा. 2018 मध्ये पत्तनी शहरातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत हिजाब घालून येणाऱ्या मुस्लिम मुलींना अडवले गेले. शाळा विहाराच्या जमिनीवर आहे, म्हणून विहाराचे नियम पाळावेत, असा युक्तिवाद होता. वाद वाढला आणि न्यायालयात गेला. बँकॉकच्या मॉलमध्ये परदेशी बाईच्या नकाबाला विक्रेती हसून नमस्कार करते आणि पत्तनीच्या शाळेत त्याच देशाच्या नागरिकाच्या लेकीचा रुमाल हा वादाचा विषय होतो. 2022 मध्ये उडुपीच्या मुलींना महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभे केले गेले, तेही आपण पाहिले आहे. दोन्ही ठिकाणी बहुसंख्याकांचा धर्म वेगळा, पण तर्क तोच होता.

चीवराआडून चालणारे राजकारण

इथे काही मित्र म्हणतील, हा प्रश्न वांशिक आणि राजकीय आहे, त्याचा धम्माशी काय संबंध? पूर्णपणे नाही, पण संबंध आहे. 2015 मध्ये थायलंडमधल्या अपिचात नावाच्या एका भिक्खूने दक्षिणेत मारल्या जाणाऱ्या प्रत्येक भिक्खूमागे एक मशीद जाळावी, असे आवाहन समाजमाध्यमावर केले होते. 2017 मध्ये त्याला पकडून चीवर उतरवायला लावले गेले, हे बरेच झाले. पण त्याच्यामागे अनुयायी होते. 2016 मध्ये चियांग माई भागातला हलाल उद्योगवसाहतीचा प्रकल्प स्थानिक बौद्ध गटांच्या विरोधामुळे गुंडाळावा लागला. म्हणजे हलाल जेवण पर्यटकाच्या ताटात चालते, पण हलाल कारखाना शेजारी नको.

श्रीलंका आणि म्यानमारमध्ये तर परिस्थिती अधिक भीषण आहे. श्रीलंकेत जून 2014 मध्ये अलुथगामा येथे ‘बोदु बल सेना’ या संघटनेच्या सभेनंतर मुसलमानांची घरे-दुकाने जाळली गेली. मार्च 2018 मध्ये कँडी जिल्ह्यात तेच झाले. 21 एप्रिल 2019 च्या ईस्टर बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक निरपराध माणसे मेली. हल्लेखोर मुस्लिम अतिरेकी होते, पण त्याची किंमत सगळ्या मुस्लिम समाजाने मोजली. करोनाकाळात मुस्लिम मृतांनाही सक्तीने दहन दिले गेले. दफन सुरक्षित असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले असूनही हे चालले. डिसेंबर 2020 मध्ये वीस दिवसांच्या एका तान्ह्या बाळाला आई-वडिलांच्या इच्छेविरुद्ध अग्नी दिला गेला. आणि याच श्रीलंकेचे पर्यटन खाते आखाती देशांतल्या कुटुंबांना आमंत्रणे देत असते.

म्यानमारमध्ये 1982 च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना परके ठरवले. ऑगस्ट 2017 नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव वाचवून बांगलादेशात पळाले. विराथू नावाचा भिक्खू वर्षानुवर्षे त्यांच्याविरुद्ध विष ओकत होता. पण त्याच देशात 2013 च्या मैक्तिला दंगलीत भिक्खू विथुद्ध यांनी आपल्या विहारात शेकडो मुसलमानांना आसरा दिला आणि दाराशी आलेल्या जमावाला आत येऊ दिले नाही. दोघांच्याही अंगावर चीवर होते. धम्म कोणाजवळ होता हे ठरवण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही.

बाबासाहेबांचे प्रवास

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन आपण सगळ्यांनी वाचलेले असते. त्याचे नाव प्रवासाचे आहे आणि त्यातल्या मुख्य घटनाही प्रवासात घडतात. 1901 साली वडिलांना भेटायला निघालेली लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरतो, गाडीवान मिळत नाही, पाणी मिळत नाही. परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून, रोजचे पैसे मोजून राहतात. एका सकाळी काठ्या घेतलेला जमाव दाराशी येतो. पैसे देऊनही तिथे राहण्याचा हक्क विकत घेता आला नाही.

आणि 1934 चे दौलताबाद. चळवळीतले तीसएक सहकारी वेरूळच्या वाटेवर किल्ला पाहायला थांबले. दरवाजाजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. मग इतर जमले. शेवटी सोबत शिपाई देऊन, किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावू नये अशा अटीवर त्यांना आत सोडले गेले.

हा प्रसंग आजकाल व्हॉट्सअॅपवर फिरतो, पण अर्धा. ‘बघा, मुसलमानांनी बाबासाहेबांशी काय केले’ एवढेच सांगून त्यातून द्वेषाचा परवाना काढला जातो. मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथे बौद्ध आणि मुस्लिम घरांना एकच नळ आहे आणि रेशनची रांगही एकच आहे. तिथली आपली तरुण मुले हा संदेश पुढे पाठवतात तेव्हा त्यांना तो कुठून आला हे ठाऊक नसते. बाबासाहेबांनी ही कहाणी हिंदू, पारशी, मुसलमान असा भेद न करता सांगितली. मुसलमानांतही अस्पृश्यता शिरली आहे, हे त्यांनी लपवले नाही आणि आपणही लपवू नये. मुस्लिम समाजातल्या जातींबद्दल, पसमांदांच्या प्रश्नाबद्दल आपण बोललेच पाहिजे. पण त्या हौदाने दिलेले मोजमाप सगळ्यांना लागू आहे. ज्या माणसाला पाण्याला हात लावू दिला जात नाही, त्याच्या बाजूने उभे राहायचे. मग तो दौलताबादचा अस्पृश्य असो, पत्तनीची शाळकरी मुलगी असो किंवा कॉक्स बाजारच्या छावणीतली रोहिंग्या आई असो.

1950 मध्ये बाबासाहेब श्रीलंकेला गेले तेव्हा बौद्ध देशात धम्म प्रत्यक्ष आचरणात कितपत आहे, हे त्यांना पाहायचे होते. बौद्ध देश म्हणून डोळे मिटून नतमस्तक होणे त्यांच्या स्वभावात नव्हते. 1956 मध्ये नागपूरला त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. त्यात ‘बौद्धांपुरती’ असा शब्द कुठेही नाही.

बोधगयेचा आरसा

या पाहुणा-नागरिक भेदाची चटक आपल्या देशालाही आहे आणि तिचा चटका आपल्यालाच बसतो. बोधगयेत थाई, जपानी, श्रीलंकन यात्रेकरूंचे स्वागत होते. त्यांच्यासाठी विमानतळ आहे, हॉटेले आहेत, बुद्ध सर्किट आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये भारत सरकारने बुद्धांच्या आणि सारिपुत्त-मोग्गलान यांच्या पवित्र अस्थी सन्मानाने थायलंडला नेल्या. लाखो लोकांनी दर्शन घेतले. आणि त्याच बोधगयेत 12 फेब्रुवारी 2025 पासून भारतीय बौद्ध भिक्खू आणि उपासक महाबोधी महाविहार बौद्धांच्या ताब्यात द्या म्हणून उपोषणाला आणि धरण्याला बसले. 1949 च्या कायद्यानुसार व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. आपल्याच सर्वोच्च तीर्थाच्या कारभारात आपले बहुमत नाही.

थाई पाहुण्याच्या हातात कमळ देणारे सरकार भारतीय बौद्ध नागरिकाची मागणी ऐकत नाही. बँकॉकमध्ये अरब पाहुण्याला जे मिळते आणि पत्तनीच्या मुसलमानाला जे मिळत नाही, त्याचेच हे उलटे चित्र. बोधगयेत आपण अल्पसंख्य नागरिक म्हणून न्याय मागतो. मग दुसऱ्या देशातले बहुसंख्य बौद्ध तोच न्याय नाकारत असतील तर आपण गप्प कसे राहणार? गप्प राहिलो, तर आपली बोधगयेची मागणी न्यायाची न राहता केवळ ताब्याची होईल.

मग आपण काय करायचे?

पहिले, बौद्ध राष्ट्रांविषयीची माहिती तपासून घ्या. ‘म्यानमारने करून दाखवले’ अशा थाटाचा संदेश कोणी पाठवला तर तो कोणी बनवला, कधीचा आहे, त्यात कोणाचे रक्त आहे हे विचारा. तपासल्याशिवाय काही मानू नका, हे कालाम सुत्ताचे शिक्षण मोबाइललाही लागू आहे.

दुसरे, आपल्या विहारांतून धम्मसहली बँकॉकला जातात. थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आपल्या कितीतरी विहारांत आहेत. हे नाते चांगले आहे, पण ते मूर्ती आणि छायाचित्रांपुरते ठेवू नका. सहलीत बान क्रुआ वस्तीत एक तास काढा. भेटलेल्या भिक्खूंना दक्षिणेबद्दल आदराने विचारा. थायलंडमध्येच सुलक शिवरक्ष यांच्यासारखे बौद्ध विचारवंत आहेत. त्यांनी 1989 मध्ये सामाजिक प्रश्नांशी भिडणाऱ्या बौद्धांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे करण्यात पुढाकार घेतला. आपले नाते त्या परंपरेशी जोडले गेले पाहिजे.

तिसरे आणि सर्वांत अवघड काम घराजवळचे आहे. आपल्या वस्तीत मुस्लिम कुटुंबाला भाड्याने खोली मिळते का? आपल्या मंडळाच्या जयंतीच्या जेवणाला शेजारची मुस्लिम बाई येते का, आणि ईदला आपण तिच्याकडे जातो का? दंगलीची अफवा उठली तर विहाराचे दार कोणासाठी उघडे राहील, हे आपण आधीच ठरवले आहे का? ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ‘जागा नाही’ हे उत्तर ऐकले, त्याने तेच उत्तर दुसऱ्याला देऊ नये.

पाहुण्याशी चांगले वागणे सोपे असते, कारण त्याचे विमान ठरलेले असते. शेजारी मात्र उद्याही तिथेच असतो, आपल्याशी भांडतो, आपल्याच नळावर पाणी भरतो. बुद्धांनी सांगितलेली मैत्री त्याच्यासाठी आहे. थायलंडच्या, श्रीलंकेच्या, म्यानमारच्या बौद्धांना हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण नाकारले जाणे म्हणजे काय हे आपण भोगले आहे. पण तो अधिकार वापरण्याआधी आपल्या वस्तीतले आपले वागणे तसे असले पाहिजे.

नमो बुद्धाय. जय भीम.